मिरगातली तिकिटं

सर्दी झाली की मी रुमालावर निलगिरीचं तेल घेतो, आणि त्या वासासरशी मुकुंदवाडीचं आमचं जुनं घर आठवतं. वडील, आमचे आबा, पाचोडहून उपचाराला आले होते आणि छातीला तेच तेल चोळून बाहेरच्या खोलीत पडून असायचे. जूनमध्ये मला आणि बायकोला युरोपला जायचं होतं. तिथल्या रेल्वेची तिकिटं आत्ताच काढली तर स्वस्त पडणार होती, पण रद्द केली तर पैसे बुडणार होते. "थोडं थांबू या," मी स्वयंपाकघरात बायकोला म्हणालो, "आबांचं काही कमीजास्त झालं तर?" कुकरच्या शिट्टीत ते बाहेर ऐकू जाणार नाही असं वाटलं होतं. आधी खोकला आला, मग आबांचा आवाज. "काढून टाक तिकिटं. मिरगात पेरणी असती. पेरणी टाकून म्या कधी कुठं गेलोय व्हय?" बायकोनं गॅस बंद केला. तिकिटं मी त्याच दिवशी काढली. आबा शब्दाला जागले. आम्ही परत आलो, कापूस घरात आला, मगच ते गेले. युरोपातल्या त्या गाड्यांच्या खिडक्यांतून काय काय दिसलं, असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. मान वर झालीच नसावी.