वहीत नसलेलं नाव

मला यादीशिवाय सकाळ सुरू करता येत नाही. पंपाची वेळ, मुलीचा डबा, टेम्पोवाल्याला फोन, सगळं आदल्या संध्याकाळी कागदावर उतरलेलं असतं. तरीही मागच्या दसऱ्याआधीची ती सकाळ आठवते ती अर्धवट झोपेत दिसलेल्या गोष्टीसारखी. केडगावच्या मागं आमचा झेंडूचा प्लॉट, त्यावर कालव्याकडून आलेलं पातळ धुकं आणि त्यात नुसती डोकी दिसणाऱ्या बाया. दौंडकडं जाणारी डेमू कुठंतरी वाजली. गाडी दिसली नाही, आवाज तेवढा फुलांवरून सरकत गेला.

तोडणीची वही माझ्याकडं असते. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी ती माझ्या हातात दिली, कारण माझं अक्षर बरं होतं. कोण आलं, कुठली ओळ कुणाला, ते त्यात लिहायचं. नावापुढं बरोबरची खूण म्हणजे ती बाई ओळीत. बारीक गोल म्हणजे तिला पाळी आलेली. फुलं देवाला जातात म्हणून त्या दिवसांत ती फुलांना हात लावत नाही, शेडपाशी बसून क्रेट धुते. गोलाची युक्ती माझी. कुणाला तोंडानं सांगायला लागू नये, एवढंच मनात होतं. पण वही शेडमध्ये खिळ्याला लटकते आणि गोल ओळखायला शाळा शिकावी लागत नाही, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

ते माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या ध्यानात आलं. ती दौंडला अकरावीत आहे. घरातल्या एखाद्या नियमावर लिहून आणा, असं कॉलेजात सांगितलं होतं. कच्चं तिनं माझ्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी ओळी ठरवायला बसले, तेव्हा ते सापडलं. टेम्पोचा ड्रायव्हर वही चाळतो आणि मग शेडपाशी बसलेलीकडं बघून हसतो, हे तिनं लिहिलं होतं. स्वतःच्या नावापुढं गोल असला की डेमूत खिडकीशी बसल्यावरही तिला वाटतं, डब्यातल्या सगळ्यांनी आपलं पान वाचलंय. उद्यापासून गोलात बसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आई काय करेल, ते माहीत नाही, असंही होतं. शेवटची ओळ वेगळ्या पेनानं लिहिलेली. ‘या वहीत आईचं नाव कुठंच नाही.’

का नाही, ते मला माहीत होतं. मी वही मिटली आणि कणीक मळायला घेतली.

सकाळी बाया ओळींत शिरू लागल्या तेव्हा ती बादली घेऊन शेडमध्ये आली. केस नीट विंचरलेले, पाय दवानं भिजलेले.

“आई, मला काल आलीये. पण मी ओळीत जाणार. गोल काढू नको.”

रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. थोरल्या जाऊबाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. दसऱ्याची फुलं आहेत, देवाला जायची आहेत, एवढंच तिला समजावलं.

“मोठी आई, निम्मी तर कारेगावला जायची, कंपनीत,” मुलगी म्हणाली. “मशीनला हार घालायला. त्याच मशीनवर पोरी रोज उभ्या असतात. त्यांना कोण विचारतं?”

धुक्यात कुणीतरी खुदकन हसलं. दौंडचं पाणी लागलंय हिला, असं जाऊबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. “तू सांग की हिला. वही तुझी हाय.”

मुलगी माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होती.

मी तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. मग सगळ्या नावांच्या खाली माझं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. परक्याच्या घरात आपला फोटो दिसावा तसं वाटलं.

“आक्का,” मी जाऊबाईंना म्हणाले, “मी कधीच बाजूला बसले न्हाई. ओळी वाटून द्यायला कुणीतरी लागतंच, म्हणून पहिल्यांदा गप ऱ्हायले. नंतर कुणी विचारलंच न्हाई. वही लिहिणारीला कोण विचारतंय?”

“म्हंजी, दसऱ्याला बी?”

“दसऱ्याला बी.”

फुलं खुडण्याचा बारीक आवाज थांबला होता. देवाचं काहीतरी निघेल म्हणून मी वाट बघत होते. निघालं ते निराळंच.

“आन् मला क्रेट घासत बशिवलंस,” जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. “माझी पाळी सरंस्तवर.”

त्यांनी बादली उचलली. मुलीला म्हणाल्या, माझ्या शेजारची ओळ घे, आणि खुडताना देठ ओढू नको, झाड हलतं. दोघी आत गेल्या. थोड्या वेळानं धुक्यात दोन डोकी तेवढी दिसत होती, कोणतं कुणाचं ते कळेना.

दुपारी टेम्पो गेला. शेडपाशी न धुतलेल्या क्रेटची चळत तशीच होती, कारण त्या दिवशी बाजूला कुणीच बसलं नव्हतं. हे काम माझ्या यादीत नव्हतं. मी पदर खोचला आणि हौदापाशी बसले. पाण्यावर केशरी पाकळ्या फिरत होत्या, हात बुडवला की बाजूला होत, काढला की पुन्हा जवळ येत. किती वेळ घासत होते कोण जाणे.

जाऊबाई घरी निघाल्या होत्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या, एक क्रेट उचलून उन्हात धरला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

“कोपऱ्यात घाण ऱ्हाते,” त्या म्हणाल्या. “ब्रशनं घास.”