बोळातली बाय

बाय किती मोठी होती हे गावाला ती गेल्यावरसुद्धा कळलं नाही. मला वेळेवर कळलं असा आव मीही आणत नाही. ती ख्रिस्तांव. इस्पितळात नर्स होती, पुढे विधवा झाली, नोकरी संपली, आणि उरलेलं आयुष्य तिने रत्नागिरीतल्या सफाईवाल्यांचे अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत बसून काढलं. हातात कागद, काखेत काळी छत्री. साहेबांना वेळ नाही असं शिपाई म्हणाला की ती म्हणायची, "मला घाई नाय," आणि खरंच उठायची नाही.

मी लग्न होऊन आले ते साल सत्तावीस असेल, नाहीतर अठ्ठावीस. नवरा मुंबईला नोकरीला, मी इथे सासू-सासऱ्यांपाशी. सासूबाईंच्या पायाला न भरणारी जखम होती. ती धुऊन पट्टी बांधायला बाय दर तिसऱ्या दिवशी यायची, फक्त पडवीपर्यंत. ती गेली की तिच्या बसल्या जागेवर पाणी शिंपडायचं काम माझं. बायला ते ठाऊक होतं. एकदा जाता जाता म्हणाली, "आज जरा जास्त शिंप गो, धूळ फार झालीय." मी लाजेने अर्धी झाले, पण शिंपडलं.

घरामागे एक बोळ होता. सफाईवाली बाई त्या बोळातून यायची, संडासाखालची टोपली ओढून काढायची आणि मैला डोक्यावरून न्यायची. आमच्या परसातून बोळात उघडणारं एक दार होतं, पण घरातलं कुणी त्या वाटेने जात नसे. वैशाखातल्या एका दुपारी ती दारापलीकडून पाणी मागत होती. दिवस भरत आलेले, घशातून आवाज फुटत नव्हता. अशांना पाणी द्यायचं ते वरून, ओंजळीत. पण तिचे हात मैल्याने भरलेले, ओंजळ करणार कशी? मी दार उघडलं, विहिरीवरचा भरलेला पोहराच तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "आधी हात धू, मग पी." तेवढ्यात दूध उतू जाईल म्हणून मी आत पळाले. सासूबाई उठून परसात आल्या तेव्हा दार सताड उघडं आणि सफाईवालीच्या हातात पोहरा.

हिने आत शिरून विहिरीचं पाणी काढलं, विहीर बाटवली, असा एकच कल्लोळ झाला. सासऱ्यांनी विहीर उपसून घेतली आणि म्युनिसिपालिटीच्या कचेरीत तिची तक्रार केली. तिचं काम थांबलं, आणि सफाईवाल्यांच्या वस्तीतली तिची खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितलं. दार उघडं कसं राहिलं, असं मला विचारलं. मी म्हटलं, "कडी लावायची राहिली असेल." एवढंच. ती बाई माझ्याकडे बोट दाखवू शकली असती. तिने दाखवलं नाही.

बायपाशी मात्र ती बोलली असावी. पुढच्या पट्टीच्या दिवशी बायने ऊन पाणी मागितलं, मी तपेली घेऊन गेले, तशी ती हळूच म्हणाली, "बुधवारी चौकशी आहे. खोली गेली तर ती रस्त्यावर बाळंत होईल. पोहरा तू दिलास, एवढंच येऊन सांग." बोलले तर माझं घर जाणार, न बोलले तर तिचं. बुधवारी देवळात जाते म्हणून निघाले आणि पाय कचेरीकडे वळले. शौर्य वगैरे काही नव्हतं.

कारकुनाने दौत सरकवली आणि पूर्ण नाव विचारलं. मी माझं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मध्ये अडले. नवऱ्याचं नाव बायकोने उच्चारायचं नसतं, त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला दुधाबरोबर पाजलेलं. त्यात मुंबईहून पत्र आलं होतं की ह्यांचा ताप उतरत नाही. कारकुनाने तीनदा विचारलं. साहेब म्हणाला, "पूर्ण नाव नाही तर जबानी नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालणार नाही." त्याला ही अडचण देवाने पाठवल्यासारखी झाली होती.

शेजारी उभ्या बायचा पारा चढला. "अगो, सांग ना! मी माझ्या घोवाला बावीस वर्षं नावाने हाक मारली. तो दारूने मेला, हाकेने नाय!" मला रडू फुटलं. भिंतीशी सफाईवाली पोट धरून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. बायने माझा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज एकदम उतरला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरं, नको सांगू. चल, तुला घरी सोडते."

तिने रेटलं असतं तर मी दगडासारखी उभी राहिले असते. तिने सोडलं आणि मला वाट सुचली. मी पदर सारखा केला आणि, हळदीकुंकवाला घेतात तसा, उखाणा घेतला. उखाण्यात नाव चालतं! दोन ओळी, पहिलीत समुद्र, दुसरीत हे. तो उखाणा इथे सांगत नाही. त्यात नाव येईल, आणि सवय अजून गेलेली नाही. कारकून खो खो हसला, पण हसत हसत त्याला लिहावं लागलं. मग मी पोहऱ्याचं सगळं सांगितलं आणि अंगठा उमटवला. सफाईवालीची खोली राहिली. आठवड्याभरात त्याच खोलीत तिला मुलगी झाली.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. दार बंद. बाय माझ्याबरोबर पायरीवर बसली. ऊन उतरलं तेव्हा म्हणाली, "माझ्याकडे चल. पेज आहे, निजायला जागा आहे." मी नको म्हणून मान हलवली. ख्रिस्तांवाच्या घरी एक रात्र काढली की मला कुठलंच घर घेणार नव्हतं, हे खरं. पण त्याहून खरं सांगते, तिच्या घरचं पाणी पिण्याची कल्पनाच मला सोसली नाही. जिच्या भरवशावर मी त्या पायरीवर बसले होते तिच्याच घरचं पाणी! ते तिला कळलं, तरी ती उठली नाही. दिवेलागणीला आतून सासऱ्यांचा आवाज आला, "मागच्या दाराने ये म्हणावं." मग मी बोळातून, नाकाला पदर लावून, घरात शिरले.

त्यानंतर नऊ वर्षं पुढचा उंबरा मला बंद होता. माजघर, चूल, परस. ह्यांचा ताप उतरला, गणपतीला घरी आले, वडील म्हणतात तसं वाग म्हणाले. त्यांच्यावर मी फार चिडले आणि चिडून चार भाकऱ्या जास्त थापल्या. दुसरं काय करणार होते! सासूबाईंची पट्टी मी बांधू लागले. बायला घर बंद झालं.

पण रविवारी, इगर्जेतून, म्हणजे तिच्या चर्चमधून, परतताना ती बोळात यायची. चांगला झगा एका हाताने वर धरून भिंतीपलीकडे उभी राहायची आणि खोकायची. मी विहिरीशी भांडी घाशीत ऐकायचे. वस्तीत नळ येणार, अर्ज फेटाळला. पुन्हा केला. नळ आला. डोक्यावरच्या टोपल्यांऐवजी हातगाड्या मागितल्यात, साहेब हसला. एकदा म्हणाली, तिच्या इगर्जेतल्या बायका आता तिच्या बाकावर बसत नाहीत, वास येतो म्हणतात. "ऐसपैस बसते मी," ती म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता. तू माझ्याकडे ये, असं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

मग दोन रविवार ती आली नाही. दुसऱ्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी, कामाची वेळ नसताना, सफाईवालीने बोळातलं दार वाजवलं. "बाय गेली. चारला पुरतायत. समदी वस्ती चाललीय."

मी परसात उभी राहून रडले. म्हटलं, "मला कोण सोडणार गं? मी इथे कोंडलेली."

तिने पलीकडून दार जरा ढकलून पाहिलं. मग म्हणाली, "वयनी, कडी तुमच्याच अंगाला हाय."

नऊ वर्षं त्या दाराला कुणी कुलूप लावलं नव्हतं. त्या वाटेने घरची सून बाहेर जाईल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही. मी कडी काढली. ती पुढे, मी तिच्या मागे. बोळ संपायला साठ पावलंसुद्धा लागली नाहीत.