सुकदेवची आल्याची बाटली

“मला ऐकायला कमी येतं, कळायला नाही.”

सुकदेव हे वाक्य दिवसातून दोनदा तरी बोलायचा. रिक्षावाल्याला, दवाखान्यातल्या नर्सला, घरी बायकोला. आवाज न चढवता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. मग समोरचा एकतर हसायचा, नाहीतर खाली बघायचा.

कान त्याचे लूमने, कापड विणणाऱ्या यंत्रमागाने, खाल्ले. अमळनेरकडच्या खेड्यातून विशीत सुरतेला आला आणि उधन्याच्या एका लूमखात्यात बत्तीस वर्षं उभा राहिला. शंभर लूम एका छपराखाली धडधडत असले की तिथे माणसाचा आवाज मुंगीइतकाही उरत नाही. म्हणून तिथले लोक हातांनी बोलतात. धागा तुटला, इकडे ये, असं सांगायचं तर दोन बोटं जोडून फाकवायची. पाळी संपली, मी चाललो, असं सांगायचं तर तळहातावरून तळहात फिरवून झटकायचा. सुकदेवचा मेव्हणा छगन, म्हणजे त्याच्या बायकोचा, मालतीबाईचा, धाकटा भाऊ, याला लूमवर सुकदेवनेच आणलं आणि या खुणा त्यानेच शिकवल्या. छगन पुढे ठेकेदार झाला, त्याने भेस्तानला दुमजली घर बांधलं. सुकदेव लूमवरच राहिला. नवे लूम आले, तेव्हा घरी बसला.

घरी मालतीबाई साड्यांना टिकल्या चिकटवायची. तिला साखरेचा आजार निघाला. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती दोन महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक जेवणाआधी वाटीभर कच्चं खायचं, कोबी, काकडी, गाजर, आणि गोड बंद. नाहीतर अंगठा राहणार नाही.

“मी काय शेळी शे का?” मालतीबाई म्हणाली. तिने कोबीची वाटी खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशीही ठेवली.

सुकदेवला कळलं की हिला धमकावून उपयोग नाही, हिच्या जिभेचीच मनधरणी करायला हवी. त्यांची मुलगी वर्षा चलथाणला दिलेली. ती भेटायला आली तेव्हा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. आल्याचं सॅलड ड्रेसिंग, घरच्या घरी. त्यातली बाई फार बोलत होती. सुकदेवला एक शब्द ऐकू आला नाही, म्हणून त्याने तिचे हात पाहिले. हात खोटं बोलत नाहीत हे तो लूमवर शिकला होता.

पहिल्या दिवशी घोटाळा झाला. आमच्या खानदेशी लोकांना कच्च्यावर काही घालायचं म्हटलं की फोडणीच आठवते. सुकदेवने आल्याचा रस काढला, लिंबू पिळलं, आणि तेल कडकडीत तापवून, मोहरी तडतडवून वर ओतलं. कोबी चर्र करून खाली बसला.

मालतीबाईने बोटाने चाचपून पाहिलं. “ही तर भाजी झाली. ती पण अर्धी.”

“उद्या बघू,” सुकदेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने चूल पेटवलीच नाही. गावी ठेच्यावर कच्चं तेल घालून भाकरी खातात, ते त्याला आठवलं. मग घाण्याचं शेंगदाण्याचं तेल कच्चंच घातलं. पण रस पिठूळ लागला, घशाला चिकटला. मालतीबाईने दोन घास खाऊन वाटी सरकवली. उरलेला रस पेल्यात तसाच राहिला होता. तासाभराने सुकदेवने पेला उजेडात धरला. वर सोनेरी नितळ पाणी आणि तळाला पांढरा थर. त्याने बोट बुडवून तो थर चोळला आणि तो एकटाच हसला. हा तर खळीसारखा. लूमवर चढण्याआधी सुताला पाजतात तशी खळ.

“सुताला खळ लागते,” तो म्हणाला, “बायकोला कशाला?”

तेव्हापासून त्याची रीत ठरली, आणि ती कधी बदलली नाही. आलं धुऊन चमच्याच्या कडेने खरवडायचं. सुरीने सोललं की सालीबरोबर वासही जातो असं त्याचं म्हणणं. खलबत्त्यात कुटायचं, मलमलच्या फडक्यातून पिळायचं आणि रस निवांत बसू द्यायचा. तेवढ्या वेळात तो तीळ भाजायचा, गार करून जाडसर कुटायचा. मग पेला तिरपा करून वरचा रस अलगद कॉफीच्या जुन्या बाटलीत ओतायचा, तळाचा थर मोरीत. रसात लिंबू, मीठ, एक हिरवी मिरची ठेचून, तीळ, आणि शेवटी तेल. व्हिडिओतल्या बाईने मध घातला होता, ते त्याने वगळलं. झाकण घट्ट लावून बाटली इकडून तिकडे हलवायची, लूमवरच्या धोट्यासारखी, तेल आणि रस एक होईपर्यंत. मग लगेच ओतायचं. थांबलं की तेल पुन्हा वर येतं.

तिसऱ्या दिवशी मालतीबाईने वाटी संपवली. खाताना तिची हनुवटी एकदा होकारासारखी हलली, ते सुकदेवने पाहिलं. महिन्याभरात जखमेच्या कडा सुकायला लागल्या.

गल्लीने मात्र त्याला सोडलं नाही. ओट्यावर खलबत्ता घेऊन बसला की शेजारचा शालिग्राम विचारायचा, “काय सुकदेव, आज वहिनीची सुट्टी का?” सुकदेव कुटत राहायचा आणि आपलं वाक्य बोलायचा. मालतीबाईला मात्र लाज वाटायची. ती आत जाऊन दार लोटायची आणि मगच खायची. बाहेर कुठे जेवायला गेलं की कच्चं टाळायची आणि मग दोन दिवस साखर चढलेली असायची.

अशात छगनच्या मुलाची, योगेंद्रची, हळद आली.

भेस्तानला मांडव पडला. हळदीला आमच्यात वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत. गावाहून टेम्पोत हिरवी लांबडी वांगी आली, त्यांना भाजायला कपाशीच्या काड्या आल्या. आणि भरीत घोटायला सुकदेव. हे काम पुरुषांचं. लाकडाच्या मोठ्या बडगीत भाजलेली वांगी टाकायची आणि मुसळाने लयीत घोटायची. सुकदेवच्या हातचं भरीत म्हणजे सुरतेतल्या आमच्या अर्ध्या लोकांच्या लग्नाची आठवण. पहिला घाणा त्याने घोटला. दुपारची पहिली पंगत बसली, त्यात मालतीबाई. सुकदेवने हात धुतले, पिशवीतून कोबी-काकडीचा डबा काढला, बाटली हलवली आणि बायकांच्या पंगतीत तिच्यासमोर उकिडवा बसला.

“आज राहू द्या,” मालतीबाई पुटपुटली.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. “अंगठा पण राहू दे ना मग,” तो म्हणाला आणि ताटात ओतायला लागला.

पलीकडून उज्ज्वला, छगनची बायको, म्हणाली, “दाजी, आता घासही भरवा.” सगळी पंगत हसली. नवरीकडचे व्याही खुर्च्यांवर बसले होते, तेही हसले. मालतीबाईने ताट दूर सारलं.

छगन धावत आला. “दाजी, हाई काय शे? व्याही बघताहेत.”

“बघू दे. त्यांच्या घरात पण साखर असेल कोणाला.”

“माणसाने असं बायकोसमोर वाटी घेऊन बसावं का? शोभतं का ते?”

सुकदेव उठला. मांडवात बँड वाजत होता, तरी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण बहिऱ्या माणसाला आपला आवाज मोजता येत नाही. “तुझ्या हळदीला पाचशे माणसांची वांगी घोटली मी. तुझ्या लग्नाला घोटली, आज तुझ्या पोराच्या हळदीला घोटतोय. तेव्हा शोभलं. दुसऱ्यांच्या बायकांसाठी मुसळ धरलं तर मी मर्द, आणि माझ्या बायकोसाठी आल्याचे चार तुकडे कुटले तर तुझं नाक कापलं जातं?”

छगनचं तोंड लाल झालं. “मला चारचौघांत शिकवू नका. ती बाटली पिशवीत ठेवा आणि भरताकडे जा. दुसरा घाणा थांबलाय. बाटली नाहीतर मुसळ, काय ते एक ठरवा.”

सुकदेव बडगीपाशी गेला. लोकांना वाटलं, मिटलं. त्याने मुसळ उचललं, फडक्याने वरपासून खालपर्यंत नीट पुसलं, आणि आणून छगनच्या हातात दिलं.

“घे. तुला शिकवलं होतं मी हेही.”

मग तो मालतीबाईकडे बघत उभा राहिला. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. तिने मान खाली घातली. नंतर दूर सारलेलं ताट तिने पुढे ओढलं. बाटली स्वतः उचलली, कारण तेल वर आलं होतं, आणि ती इकडून तिकडे हलवली, अगदी त्याच्यासारखी. कोबीवर ओतलं आणि खाल्लं. सावकाश, दार न लोटता, पाचशे माणसांत, शेवटचा काकडीचा तुकडासुद्धा. उज्ज्वला वरण वाढायला वाकली, तर मालतीबाईने ताटावर हात आडवा धरला.

“माझं जेवण झालं, बाई. नवरदेवाला माझा आशीर्वाद सांग.”

ती उठली. बाटली तिने पिशवीत ठेवली नाही, हातातच धरली. दोघं मांडवाबाहेर पडली. ती अंगठ्यामुळे जरा कलती चालायची, आणि सुकदेव तिच्या पावलाला पाऊल जुळवून हळू.

मागे भाजलेल्या वांग्यांचा ढीग निवत होता. छगनने मुसळ बडगीत घातलं, दोनदा हाणलं, देठं तशीच राहिली. “दाजी,” त्याने हाक मारली. बँड वाजत होता. तो रस्त्याच्या कडेपर्यंत धावला आणि पुन्हा ओरडला. सुकदेवची पाठ तशीच. वळणावर रिक्षा बघायला म्हणून सुकदेव वळला, तेव्हा छगनने हात उंच केला, दोन बोटं जोडली आणि फाकवली.

सुकदेवने ते पाहिलं. त्याने तळहातावरून तळहात फिरवला, झटकला, आणि मालतीबाईच्या मागोमाग वळण घेतलं. छगन एका हातात मुसळ घेऊन तिथेच उभा राहिला. दुसऱ्या हाताची बोटं अजून फाकलेलीच होती.