व्हर्लिनचा कॅम्पर आणि दीडशे पौंड

व्हर्लिन हॉगस्टॅडची आणि माझी ओळख झाली तेव्हा मला त्याचे फक्त बूट दिसले. शेजारच्या अंगणात एक भलामोठा पेटारा चार लोखंडी पायांवर उभा होता. त्याच्याखालून बूट बाहेर आले होते आणि आतून आवाज आला, "हे जरा धर." मी नवा शेजारी, ओळख करून घ्यायला सफरचंदाचा केक घेऊन गेलो होतो. तो गवतावर ठेवला आणि पुढे आलेली फळी धरली. ती मी किती वेळ धरली याबद्दल गावात मतभेद आहेत. माझ्या आठवणीप्रमाणे तेवढ्यात बर्फ पडला, वितळला, देशात एक निवडणूक झाली आणि केक मुंग्यांनी संपवला. शेवटी व्हर्लिन सरकत बाहेर आला, मला खालपासून वर न्याहाळलं, म्हणाला, "तू कोण?" आणि उत्तराची वाट न बघता पाना आणायला गेला.

तो पेटारा म्हणजे त्याचा कॅम्पर. पिकअपच्या मागच्या हौद्यात डबा बसवावा तसा तो बसतो. मुक्कामाला पोचलं की छप्पर वर उचलायचं, ताडपत्रीच्या भिंती ताठ होतात आणि आत दोन माणसं भांडू शकतील एवढी खोली तयार होते. आमच्या आयडाहो राज्यात दर तिसऱ्या घरी असलं काहीतरी असतं आणि लोक ते घेऊन फिरायला जातात. व्हर्लिनचा कॅम्पर फिरायला गेलेला कुणी पाहिला नव्हता. व्हर्लिन तो अजून सुधारत होता.

व्हर्लिन शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक होता आणि त्याची बायको आर्डिथ एकोणतीस वर्षं त्यातलीच एक बस चालवायची. डोंगरातल्या रस्त्यावर, बर्फात, चाळीस पोरं मागे ओरडत असताना. तिला आयुष्यात एकच गोष्ट पाहायची होती: समुद्र. शेजारच्या ऑरेगन राज्याचा किनारा आमच्याकडून साडेनऊ तासांवर. ती निवृत्त झाली त्या दिवशी व्हर्लिनने तिला वचन दिलं आणि त्यासाठी हा जुना, गळका कॅम्पर आणला. आर्डिथने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑगस्टातल्या एका तारखेभोवती लाल गोल काढला. त्यानंतर सहा कॅलेंडरं झाली. गोल तेवढा पुढच्या वर्षी जायचा.

कारण व्हर्लिनचं एक वाक्य होतं: "जरा एवढं झालं की निघालोच." आधी छप्पर. ते हाताने फिरवून वर करावं लागे, तर त्याने तिथे बॅटरीचं ड्रिल जोडलं. बटण दाबलं की छप्पर दंतवैद्याच्या खुर्चीसारखं कुरकुरत वर. मग ताडपत्रीला आतून चकचकीत अस्तर, थंडी येऊ नये म्हणून. उन्हाळ्यात आत बसलं की आपण भट्टीत ठेवलेला बटाटा आहोत असं वाटे, म्हणून छपराला पंखा. पंख्याला वीज हवी, म्हणून सौर पट्टी. पट्टीला बॅटरी, बॅटरीला जोडीदार बॅटरी. एका पायावर गरागरा फिरणारं टेबल केलं, त्याने पहिल्याच दिवशी माझ्या बरगडीत कोपरखळी मारली. मसाल्याच्या बाटल्यांना फळी केली. हॉगस्टॅडांच्या घरात मसाले दोन, मीठ आणि मिरपूड.

आणि ड्रॉवर. ओकच्या लाकडाचे सहा ड्रॉवर, कोपऱ्यात दातात दात अडकवून जोडलेले, खिळा म्हणून नाही. एका हिवाळ्यात केले. उघडताना आवाज येत नसे, बंद करताना हलका उच्छ्वास टाकत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ते पाच-पाच वेळा उघडायला लावी. चर्चचे पास्टर आशीर्वाद द्यायला आले होते, ते ड्रॉवर उघडझाक करून गेले.

मग एका वर्षी आर्डिथने गोल काढला नाही. नुसतं म्हणाली, "मी पंधरा तारखेला निघतेय. तू आणि तुझा पेटारा येणार असाल तर या." व्हर्लिन घाबरला आणि तयारीला लागला. पण मेकॅनिक तो मेकॅनिकच. पिकअपच्या दाराच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असते: माणसं धरून या गाडीत इतकंच वजन घाला. ती वाचून त्याने स्वतःचा दात घासायचा ब्रश निम्मा कापला, आर्डिथचाही कापायला मागत होता, आणि ठरवलं की निघताना गव्हाच्या कोठारावरच्या काट्यावर गाडी चढवायची आणि तिथूनच सरळ पश्चिमेला जायचं. वही धरायला मी माझ्या गाडीने मागे.

सुगीचे दिवस. काट्यापुढे गव्हाने भरलेल्या ट्रकांची रांग, म्हणजे अर्धं गाव. आमचा पिकअप काट्यावर चढला, मागून नमस्कार घातल्यासारखा वाकलेला. काट्यावरच्या बाईने खिडकीतून डोकं काढलं आणि सांगितलं, व्हर्लिनने दिलेल्या आकड्यापेक्षा दीडशे पौंड जास्त.

मी म्हटलं, टाकीतलं पाणी सोडून दे. पाण्याची टाकी त्याने गेल्याच आठवड्यात मोठी केली होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं रक्त सांडायला सांगत होतो. काट्यावरच्या बाईने विचारलं, आत जड काय, ते गाजलेले ड्रॉवर? ते काढा की. त्यावर व्हर्लिनने स्टिअरिंगमागूनच जोरात मान हलवली.

एवढ्यात आर्डिथ पाय मोकळे करायला गाडीतून खाली उतरली आणि काट्यावरून बाजूला झाली. आकडा धावत खाली आला.

"आता मर्यादेपेक्षा दोन पौंड कमी," बाईने सगळ्या सुगीला ऐकू जाईल असं वाचलं.

चाळीस वर्षांच्या संसारात आर्डिथने आपलं वजन डॉक्टरलासुद्धा कुजबुजून सांगितलं होतं. ते आता सतरा शेतकऱ्यांना पाठ झालं. एकाने तर बोटांवर वजाबाकी करून मान डोलावली. आणि व्हर्लिनचा चेहरा उजळला. "बसलं!" तो म्हणाला. "अगदी बरोबर बसलं!"

आर्डिथ त्याच्याकडे वळली. मग शांतपणे विचारलं, "ड्रॉवर की मी?"

यावर नवऱ्याने काय म्हणायचं असतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण व्हर्लिनला कोणीतरी हिशोबाचा प्रश्न विचारला होता. त्याने मान तिरकी केली. कॅम्परकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा कॅम्परकडे पाहिलं. तो खरोखर विचार करत होता.

"उतर खाली," आर्डिथ म्हणाली.

"कशाला?"

"वजन बघायचंय. उतर."

तो उतरला. ती चढून स्टिअरिंगवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. आकडा पुन्हा हलला.

"ऐंशी पौंड कमी," बाई म्हणाली. "हे छान जमतंय."

"अगं, छपराचं ड्रिल उलटं फिरवायचं असतं," व्हर्लिन खिडकीशी जाऊन म्हणाला. "आणि तिसरा ड्रॉवर आधी थोडा वर उचलून मग..."

"मी एकोणतीस वर्षं तुझ्या हातच्या गाड्या चालवल्यात व्हर्लिन," ती म्हणाली. "त्यांचं दारसुद्धा आधी वर उचलावं लागायचं."

काट्यावरून गाडी अशी सफाईने उतरली की रांगेतल्या ट्रकांनी भोंगे वाजवले. मी व्हर्लिनला माझ्या गाडीतून घरी आणलं. वाटेत तो एकदाच बोलला: पुढच्या खेपेला हलक्या पाइन लाकडाचे ड्रॉवर केले तर नव्वद पौंड वाचतील.

आर्डिथ अकरा दिवसांनी परतली. समुद्र कसा होता विचारलं तर म्हणाली, मोठा. आणि तिसरा ड्रॉवर खरंच अडकतो. व्हर्लिनने तो त्याच दुपारी रंधा मारून दिला. पुढच्या वसंतात त्यांनी कॅम्पर एका प्लंबरला विकला. प्लंबरने ड्रॉवर काढून टाकले, त्याला तिथे कुत्रा झोपवायचा होता. व्हर्लिनने समुद्र अजून पाहिलेला नाही.