आक्कांचा जेवणाचा डबा

निपाणी स्टँडामागं तापवलेलं दूध विकणाऱ्या आक्का एरवी कन्नड बोलतात, रागावल्या की मराठी. परवा नातीच्या दुधासाठी मी प्लास्टिकची बाटली पुढं केली आणि मराठी सुरू झालं.

“वर्साच्या पोरीला ह्यात कढत दूध? प्लास्टिक उतरतंय त्यात! हार्मोन बिघडत्यात, पोरी लौकर वयात येत्यात, डॉक्टरीणबाई सांगून दमल्या. मास्तर न्हवं तुम्ही?”

विज्ञानाचाच मास्तर होतो; बाटली पाठीमागं लपवली. आक्कांनी आपल्या स्टीलच्या डब्यातली भाकरी हातावर घेतली, डबा उकळत्या पाण्यानं विसळला आणि दूध भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी डबा परत केला. रिकामं भांडं देऊ नये, म्हणून आत साखर ठेवली होती. आक्कांनी हसत झाकण उघडलं आणि पुन्हा मराठी सुरू झालं.

साखर प्लास्टिकच्या पिशवीत होती.