शिमशोन किहीमकरांचं वाचन

वल्हांडणाच्या सणाला शिमशोन किहीमकर तोरा वाचत होते आणि हॉलमधली माणसं हात हलवत होती. शिमशोननी क्षणभर वर पाहिलं. त्यांना वाटलं, पंखा बंद पडलाय. ते पुढं वाचत राहिले. तीन ओळी झाल्या तेव्हा त्यांच्या पत्नी रिबकाबाई बायकांच्या बाजूनं उठून आल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं.

एक शब्द चुकला होता. सगळा हॉल ओरडून सांगत होता. शिमशोनना काही ऐकू आलं नव्हतं.

तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली असते. त्या अक्षरांना काना-मात्रा नसतात. वाचणाऱ्यानं सगळं चालीसकट पाठ करून यायचं. शब्द चुकला की शेजारी उभ्या असलेल्यानं मोठ्यानं सांगायचं आणि वाचणाऱ्यानं मागं येऊन तो नीट म्हणायचा. चूक तशीच ठेवून पुढं जायचं नाही.

पुढच्या रविवारी हायेम चिंचोळकर वलवणला त्यांच्या घरी आला. हायेम प्रार्थनेची व्यवस्था बघणाऱ्या समितीचा सेक्रेटरी. लोणावळ्यात आता बेने इस्रायली ज्यूंची मोजकीच घरं उरली आहेत. सणाला पुण्या-तळेगावची माणसं येतात, एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये प्रार्थना होते. वाचताना शेजारी उभं राहण्याचं काम हायेमचं.

तो शिमशोनच्या उजव्या कानाजवळ तोंड नेऊन बोलला. एकट्या माणसाचं बोलणं कानातल्या यंत्रातून थोडंफार पोचतं. चार माणसं बोलली की नुसती घरघर.

"मामा, रागावू नका."

"रागावलो तर काय करशील?"

"चहा न घेता जाईन."

"मग रागावतो. आज दूध कमी आहे."

हायेम हसला नाही. "शबुओथला ठाण्याहून एकाला बोलावतोय. तो वाचेल."

शबुओथ म्हणजे सिनाय डोंगरावर तोरा दिली तो दिवस. त्या दिवशी दहा आज्ञा वाचल्या जातात आणि सगळे उभे राहून ऐकतात. सव्वीस वर्षं ते वाचन त्यांचं होतं. दुसरं कुठलंही वाचन मागितलं असतं तर त्यांनी देऊन टाकलं असतं. हे देणार नव्हते.

"सिनायपाशी आपले लोक काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"करू आणि ऐकू."

"आधी काय?"

"करू."

"झालं तर. मी करतो. ऐकण्याचं मागून बघू."

"मामा, त्यांना ऐकू येत होतं."

शिमशोन मांडीवर थाप मारून हसले. उत्तर चांगलं होतं. "हे बघ, शबुओथला सात आठवडे आहेत. सणाआधीच्या रविवारी ये. शोधून शोधून चुका काढ. तुझी एक जरी खूण मी हुकवली तर ठाण्याच्या माणसाला आणायला स्टेशनवर मी जाईन."

हायेम चहा पिऊन गेला.

शिमशोन एकतीस वर्षं रेल्वेत होते. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं जे इंजिन लागतं, त्याला रेल्वेवाले बँकर म्हणतात. त्याचे ते ड्रायव्हर. इंजिनच्या आवाजानं डावा कान नोकरीतच गेला. उजवा मागच्या वर्षी. डॉक्टरनं कागद दाखवून समजावलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गळा चांगला आहे ना?"

दूध घालणाऱ्या नंदाबाईंनाही हेच म्हणणं पटलं. "कान गेलं तर गेलं, भाऊ. तोंड हाय न्हवं? आमच्या ह्यास्नी दोनी कान हायेत, कुटं काय ऐकत्यात!" हे रिबकाबाईंनी शिमशोनना कानात ओरडून सांगितलं, तेही दोनदा.

सरावाला आली ज्योत्स्ना. ती शेजारची, श्रीपती आबांची नात. मराठीची एम.ए., कॉलेजात शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिनं शिमशोनकडे हिब्रू अक्षरं शिकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी संकोचून विचारलं होतं, "आमच्या घरी बुद्धवंदना असते. तुमचं पुस्तक मी शिकलेलं चालेल ना?"

"वाळवंटात दिलीय ती," शिमशोन म्हणाले होते. "गावात दिली असती तर गाव म्हणालं असतं, आमची. वाळवंट कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं. बस."

आता ती समोर छापील पान घेऊन बसायची आणि ते गुंडाळीच्या झेरॉक्सवरून वाचायचे. एक हात छातीवर. चाल बरोबर लागली की हाताखाली ठरावीक जागी थरथरतं, असं त्यांचं म्हणणं.

चूक झाली की काय करायचं, हा प्रश्न. तिनं ताट वाजवून पाहिलं. टाळ्या वाजवल्या. खांद्यावर बोट टोचलं, तर शिमशोन दचकले आणि पुढच्या पाचही ओळी विसरले.

"टोचू नकोस गं! वाचणाऱ्याचा दम तुटतो."

"मग करू काय, काका? हात केला तर तुम्ही वर बघत नाही."

"वर कसा बघू? नजर अक्षरावर पाहिजे."

ज्योत्स्ना थांबली. तिनं रिबकाबाईंची विणायची सुई उचलली आणि पानावर धरली. तोराच्या चामड्याला हात लावत नाहीत. वाचणारा चांदीची एक कांडी अक्षरांवरून फिरवतो, तिच्या टोकाला लहानसं बोट असतं. ती कांडी नेहमी शिमशोनच्या हातात असे. आता ज्योत्स्ना सुई पुढं नेत राहिली आणि ते तिच्यामागून वाचत गेले. शब्द चुकला. सुई थांबली, मागं आली. शिमशोन मागं आले, शब्द नीट म्हणाले, पुढं गेले. दम तुटला नाही.

"अगं, हा तर सिग्नल!" ते म्हणाले. "धुक्यात मी आयुष्यभर दुसरं केलं काय?"

चहा पिताना त्यांनी तिला सांगितलं, तोरा दिली तेव्हा पुढं जन्मणाऱ्या सगळ्यांचे आत्मेही तिथं हजर होते, असं जुने गुरू सांगतात.

"म्हणजे तुम्हीही होतात?"

"होतो की. अगदी मागं. बँकर पुढं कधी लागतो का?"

ज्योत्स्ना हसली, मग त्यांच्या कानाशी वाकली. "छप्पन साली आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली. माझे वडीलसुद्धा जन्मले नव्हते. तरी मी म्हणते, आम्ही घेतली."

"बरोबर म्हणतेस," शिमशोन म्हणाले.

ठरल्या रविवारी हायेम आला. सुई त्याच्या हातात दिली. शिमशोन दोनदा चुकले, दोनदा सुईबरोबर मागं आले. तिसऱ्यांदा सुई मागं आली, पण शिमशोन हलले नाहीत. शांतपणे पुढचा शब्द म्हणाले.

"मामा, थांबा. खूण हुकली."

"चूक नव्हती."

हायेमनं छापील पान पाहिलं. मान खाली घातली. "बघत होतो, तुम्ही नुसते सुईमागं येता की काय."

"गार्डनं उगाच लाल झेंडा दाखवला तर एकदा थांबेन. रोज थांबणार नाही. ठाण्याला फोन कर, येऊ नको म्हणावं."

हायेमनं तिथंच बसून फोन केला.

शबुओथच्या सकाळी हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. बायकांच्या बाजूला रिबकाबाईंशेजारी ज्योत्स्ना बसली होती. शिमशोननी यंत्र काढून खिशात टाकलं. घरघर नको होती. हायेमनं चांदीची कांडी धरली. दहा आज्ञा आल्या, सगळे उभे राहिले. शिमशोनना पायाखालच्या फळ्यांतून ते समजलं.

चौथ्या आज्ञेत एक शब्द निसटला. चांदीचं बोट मागं आलं. त्यांनी शब्द उचलला.

आज्ञा संपल्या. पुढचं वाक्य आलं: सगळ्या लोकांनी ते आवाज पाहिले. तोरात असंच लिहिलंय, ऐकले नाही, पाहिले. गुरूंनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. शिमशोन सव्वीस वर्षं हे वाक्य त्याच चालीवर म्हणत आले होते. आजही तसंच म्हणाले, फक्त छातीवरचा हात जरा दाबून. बोट पुढं सरकलं, तेही सरकले.

गुंडाळी बंद झाली. खरवस वाटला जाऊ लागला. सणाला लिहायचं नसतं, आणि यंत्र खिशात. म्हणून हायेमनं समोर येऊन एक बोट दाखवलं. एकच चूक.

शिमशोननी मान हलवली आणि दोन बोटं दाखवली.

हायेमनं भुवया उंचावल्या.

"दुसरी चूक आज्ञांच्या आधी," शिमशोन म्हणाले. त्यांना वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. "तुझं बोट पुढं निघून गेलं होतं. मीच मागं आलो. पुढच्या वर्षी नीट बघ."