किसनाचा गाल

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळी, चिखलीकडच्या एका शाळेत बत्तीस पोरांच्या चुका एकाच गालावर दुरुस्त होत असत. गाल किसनाचा. हात माझा.

हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

ज्याला उत्तर येईल त्याने न येणाऱ्यांना थापड मारायची, हा शाळेचा रिवाज. किसना माझा मावसभाऊ. आम्ही दोघं महारवाड्यातले, म्हणून उंबऱ्याबाहेर, जोड्यांच्या रांगेशेजारी बसायचो. एकदा मास्तरांनी विचारलं, नर्मदा कुठे उगम पावते? आतले सगळे गप्प. मी बाहेरून ओरडलो, अमरकंटक! आणि तळहात चोळत उठलो. बत्तीस गुबगुबीत गाल! एवढी श्रीमंती आमच्या घराण्यात कोणी पाहिली नव्हती. मी उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच मास्तर हसत म्हणाले,

"तू शिवलास तर यांना आंघोळी कोण घालणार? तुझ्यासाठी हा किसन्या आहे. सगळ्यांच्या वाट्याच्या त्यालाच मार."

वर्ग खिदळला. मी मारल्या. आतली पोरं मोजत होती. हलकी बसली तर मास्तर पुन्हा मारायला लावत. किसनालाही अमरकंटक येत होतं. मी आधी ओरडलो, एवढंच.

मग हे रोजचंच झालं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला उंबऱ्याबाहेरचं एकच नाव पाठवणार, असं मास्तरांनी सांगितलं होतं. गणितात किसना माझ्या पुढे होता. माझा हात जोरात का पडत होता, ते मला पक्कं ठाऊक होतं.

किसना आधी उत्तरं द्यायचा थांबला. मग बोलायचा थांबला. सकाळी पाटी हातात घेतली की ओकायचा. भाकर पुढ्यात ठेवून सतराचा पाढा पुटपुटायचा. अडला की पुन्हा पहिल्यापासून. मावशीने भगताकडून दोरा आणला. लोक म्हणाले, पोराला बाहेरचं वारं लागलं. मीही शहाण्यासारखी मान डोलावली. वारं कुठून सुटत होतं, ते माझ्या तळहाताला माहीत होतं.

एके दिवशी शाळा तपासायला साहेब आले. प्रश्न झाला. आतले गप्प. मी उत्तर दिलं. मास्तर खुशीत म्हणाले, दाखव साहेबांना आपला रिवाज. मी हात उचलण्याआधीच किसनाने डोळे मिटले आणि गाल पुढे केला. कोणी सांगितलं नव्हतं. सवयीने.

माझा हात उठेना. तेव्हा कित्येक आठवड्यांनी तो बोलला, अगदी हळू.

"मार बे. नाही तं तुयं नाव जाईन."

नाव गेलं. शाळाही गेली. किसना कधीच सावरला नाही. पोरं पाढे म्हणू लागली की आजही गाल पुढे करतो. अशा वेळी मी त्याच्यासमोर उभा राहतो, आणि माझे दोन्ही हात पाठीमागे असतात.

पण त्या दिवशी मी उंबरा ओलांडला. पोरं भिंतीला चिकटली. मास्तर मागे सरले. साहेबांदेखत माझ्या तोंडून जे निसटलं, ते मी अजून मागे घेतलेलं नाही:

"ज्याची चूक त्याचाच गाल, मास्तर. पयला माया, मंग तुमचा."